हिंगण्याची वाट आणि पेशींची राखण

१९३६ साली धोंडो केशव कर्वे ७८ वर्षांचे होते. हिंगण्याचा आश्रम स्थिरावला होता, महिला विद्यापीठ सुरू होऊन २० वर्षे झाली होती, जगाचा प्रवासही करून झाला होता. आता घरी बसून मानसन्मान घेतले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. त्याच वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे शाळा काढायची, हे या मंडळाचे काम. त्यासाठी पैसा हवा होता, आणि ७८ वर्षांचे अण्णा वर्गणीसाठी पायी दारोदार फिरू लागले. त्यानंतर त्यांना आणखी २६ वर्षांचे आयुष्य लाभले.

साठी उलटली की घरोघरी एक वाक्य ऐकू येते : खूप कष्ट केलेत, आता आराम करा. या वाक्यात माया असते. पण शरीराच्या आत, पेशींच्या पातळीवर, हा सल्ला कसा पोहोचतो याचा शोध गेली चाळीस-पन्नास वर्षे शास्त्रज्ञ घेत आहेत, आणि हाती आलेले उत्तर मायेच्या विरुद्ध जाणारे आहे. ते समजून घ्यायला महर्षी कर्वे यांचे आयुष्य फार उपयोगी पडते. ते काही पहिलवान नव्हते. त्यांच्या बाबतीत चालणे हा छंद कमी आणि गरज जास्त होती.

मुरूड ते सातारा

१८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली या आजोळच्या गावी अण्णांचा जन्म झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरूडला गेले. घरची स्थिती बेताची होती. सतराव्या वर्षी त्यांना सरकारी परीक्षेला बसायचे होते आणि परीक्षेचे केंद्र होते साताऱ्याला. मुरूडहून सातारा शंभराहून अधिक मैल, वाटेत सह्याद्रीचा घाट आणि वरून पाऊस. अण्णा सोबत्यांबरोबर पायी निघाले आणि चारेक दिवसांत साताऱ्याला पोहोचले. तिथे मात्र निराशा झाली. अंगाने लहानखुरा दिसणारा हा मुलगा सतरा वर्षांचा असेल, यावर परीक्षकांचा विश्वास बसला नाही आणि त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. जसे आले तसेच ते परत गेले. पुढे कोल्हापूर केंद्रावरून त्यांनी ती परीक्षा दिली. मॅट्रिक झाल्यावर १८८४ साली ते गणित घेऊन बी.ए. झाले, मुंबईत शाळा आणि शिकवण्या करू लागले, आणि १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

घाट चढणाऱ्या त्या मुलाच्या शरीरात काय चालले असेल, ते आज सांगता येते. आपल्या बहुतेक पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाची सूक्ष्म वीजघरे असतात. अन्नातील इंधन आणि श्वासातील ऑक्सिजन यांच्या मेळातून ती ऊर्जा तयार करतात. ही क्रिया चालू असताना थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत निसटतो. हे निसटलेले कण अस्थिर आणि आक्रमक असतात. त्यांतल्या बऱ्याच कणांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. शेजारच्या चरबीवर, प्रथिनांवर, अगदी डीएनएवरही ते घाव घालतात. लोखंडाला गंज चढावा किंवा उघड्या तेलाला खवट वास यावा, तसाच हा प्रकार. पेशी त्यांना आवरण्यासाठी काही विकरे बाळगून असते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही त्यांतली प्रमुख. घाव घालणारे कण वाढले आणि राखण करणारे कमी पडले की जी ओढाताण होते, तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

१९५६ मध्ये डेनहॅम हारमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने म्हातारपणाचे मूळ याच घावांत आहे, असा सिद्धांत मांडला. आयुष्यभर साचत गेलेले घाव म्हणजेच वार्धक्य, असे त्याचे म्हणणे. म्हातारपण इतक्या एकाच कारणाने येत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. तरी वय वाढते तसा हा ताण वाढतो आणि दुरुस्तीची यंत्रणा मंदावते, एवढे त्यातून पक्के झाले.

चार मैलांची वाट

१८९१ मध्येच अण्णांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहाबद्दल मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. अण्णा डगमगले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर एक साधी झोपडी उभी राहिली.

हिंगणे पुण्यापासून सुमारे चार मैलांवर. आज तो भाग शहराच्या पोटात आहे आणि रस्त्याला कर्व्यांचेच नाव आहे. त्या काळी धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात नुसता चिखल असे. अण्णा दिवसा कॉलेजात गणित शिकवत, संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन पायी हिंगण्याला जात, तिथल्या मुलींना शिकवत, रात्री मुक्काम करत आणि सकाळी पुन्हा पुण्याची वाट धरत. जाऊन-येऊन आठ मैल, म्हणजे जवळपास १३ किलोमीटर. वय चाळिशी ओलांडलेले. सुरुवातीच्या काळात हाच त्यांचा नित्यक्रम होता.

इथे एक कोडे उभे राहते. भराभर चालताना शरीर विश्रांतीच्या तुलनेत तीन ते पाच पट ऑक्सिजन वापरते. मग घाव घालणारे कणही जास्त व्हायला हवेत. तसे ते होतातही. १९८२ मध्ये केल्विन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात उंदीर दमेपर्यंत पळवले, तेव्हा त्यांच्या स्नायूंत आणि यकृतात फ्री रॅडिकल्सची खूण दुप्पट-तिप्पट वाढलेली दिसली. हारमनच्या सिद्धांताप्रमाणे रोज आठ मैल चालणारा माणूस लवकर झिजायला हवा. प्रत्यक्षात नियमित व्यायाम करणारी माणसे जास्त धडधाकट राहतात. हे कसे?

उत्तर पेशीच्या सवयीत आहे. थोडा ताण आला की पेशी सावध होते. एनआरएफ-२ नावाचे एक प्रथिन इथे गावच्या कोतवालासारखे काम करते. एरवी त्याला एका जागी धरून ठेवलेले असते. रॅडिकल्सची चाहूल लागली की त्याची सुटका होते, ते पेशीच्या केंद्रकात शिरते आणि जणू दवंडी पिटते : राखणदार वाढवा, दुरुस्तीला लागा. त्यातून संरक्षक विकरांचे उत्पादन वाढते. दुसरीकडे पीजीसी-१ अल्फा नावाचे प्रथिन नवीन मायटोकॉन्ड्रिया उभारायला लावते. वीजघरे नवी आणि संख्येने जास्त असली की तेवढ्याच कामासाठी प्रत्येकावरचा भार कमी होतो. चालणे थांबल्यावर, विश्रांतीच्या वेळात, ही सगळी डागडुजी पार पडते. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर निघालेले शरीर आदल्या दिवसापेक्षा किंचित तयार असते. थोड्या ताणाने अंगात बळ येण्याच्या या प्रकाराला शास्त्रज्ञ हॉर्मेसिस म्हणतात.

म्हणजे घाव आणि दुरुस्ती यांचे माप जमले पाहिजे. सवय नसलेला माणूस एके दिवशी अचानक दम संपेपर्यंत धावला, तर घाव दुरुस्तीच्या पुढे जातात. रोज बेताने चालणाऱ्याची दुरुस्ती घावांच्या पुढे राहते. अण्णांची वाट रोजची होती, आणि वाटेच्या शेवटी रात्रीचा मुक्काम होता.

गोळीने हे काम होते का?

रॅडिकल्स वाईट, मग त्यांना मारणारी अँटिऑक्सिडंट गोळी घेतली की काम झाले, असे अनेकांना वाटते. औषधांच्या दुकानात अशा गोळ्यांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. २००९ मध्ये जर्मनीतल्या मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी ही समजूत तपासली. त्यांनी तरुण, निरोगी पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिले, उरलेल्यांना दिले नाही. ज्यांनी गोळ्या घेतल्या नव्हत्या, त्यांच्या शरीरात इन्शुलिनचे काम सुधारले आणि स्वतःची संरक्षक यंत्रणाही वाढली. गोळ्या घेणाऱ्यांत हा फायदा दिसला नाही. धोक्याची चाहूलच पुसली गेली, तर कोतवाल दवंडी कशाची पिटणार?

त्याआधी १९९४ मध्ये फिनलंडमधल्या सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. ज्यांना बीटा कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. याचा अर्थ आवळा, पेरू, पालेभाज्या टाळाव्यात असा मुळीच नाही. रोजच्या जेवणातून मिळणारे प्रमाण वेगळे आणि गोळीतून मिळणारा भरमसाट डोस वेगळा. डॉक्टरांनी एखाद्या कमतरतेसाठी दिलेले जीवनसत्त्व बंद करण्याचाही प्रश्न नाही. फक्त धडधाकट माणसाने चालण्याच्या बदल्यात गोळी घेण्याचा सौदा करू नये.

सत्तरीनंतरचा प्रवास

१९१४ मध्ये अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. १९१६ मध्ये, ५८व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि आईच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले. १९२९ मध्ये, वयाच्या ७१व्या वर्षी, अण्णा बोटीत बसले आणि युरोप, अमेरिका, जपान पाहून परतले. आल्यावर काही महिन्यांतच ते आफ्रिकेला निघाले. सगळीकडे विद्यापीठाची ओळख करून द्यायची आणि निधी जमवायचा, हाच उद्देश.

इतक्या वयात शरीर नवे बळ धरू शकते का? पेशींतला कोतवाल वयाबरोबर थकतो, हे खरे. एकाच व्यायामानंतर तरुणाच्या पेशी जितक्या चटकन सावध होतात, तितक्या म्हाताऱ्याच्या होत नाहीत. पण नियमित हालचाल असलेल्या वृद्धांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची अवस्था बैठ्या समवयस्कांपेक्षा चांगली आढळते, आणि घावांच्या खुणाही कमी असतात. म्हणजे वयाच्या खात्यावर टाकलेली बरीचशी झीज खरे तर बसून राहण्याची असते.

याचा एक बोलका पुरावा अमेरिकेतल्या डॅलसचा आहे. १९६६ मध्ये तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची श्रम करण्याची क्षमता झपाट्याने घसरली. ३० वर्षांनी, पन्नाशीत, याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. ३० वर्षांच्या वयवाढीने क्षमता जितकी घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने घटली होती. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम दिला, आणि ऑक्सिजन वापरण्याची त्यांची क्षमता ३० वर्षांपूर्वीच्या मूळ पातळीवर आली. १९९० मध्ये बोस्टनजवळच्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या काही जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा सराव करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांचे बळ दुपटीहून अधिक वाढले. आता उशीर झाला, असे म्हणण्याचे वय शरीराला ठाऊक नाही.

एका आयुष्याने काय सिद्ध होते?

अण्णा १०४ वर्षे जगले ते चालण्यामुळे, असे मात्र छातीठोकपणे म्हणता येणार नाही. एका माणसाच्या आयुष्यावरून नियम काढता येत नाही. आनुवंशिकता, साधा आहार, संसर्गातून बचाव, मनाला लागलेले काम आणि निव्वळ नशीब, सगळ्यांचा वाटा असतो. त्यांच्याच घरात हे दिसते. बाया कर्वे १९५० मध्ये गेल्या. थोरले पुत्र रघुनाथराव, ज्यांनी आयुष्यभर समाजाच्या आरोग्यासाठी लेखणी झिजवली, ते १९५३ मध्ये ७१ वर्षांचे असताना वारले. ९५ वर्षांच्या पित्याला ते दुःख पाहावे लागले.

व्यायामाने किती वर्षे मिळतील याची हमी कोणीच देत नाही. आहेत ती वर्षे कशी जातील, यावर मात्र त्याचा मोठा परिणाम होतो. स्वतःच्या पायांनी अंगणात जाणे, खाटेवरून आधाराशिवाय उठणे, पडल्यास सावरणे, आजारातून लवकर बाहेर येणे, हे सगळे त्या राखणदार यंत्रणेच्या जिवावर चालते.

सानगडीच्या बांधीत

मुरूड महाराष्ट्राच्या पश्चिम टोकाला, तर भंडारा जिल्ह्यातील सानगडी पूर्वेला. दोन्ही भाताचे मुलूख. कोकणात जिला लावणी म्हणतात, ती साकोली तालुक्यात रोवणी. चिखलणी, पऱ्हे उपटणे, बांधीत वाकून रोवणी, मग कापणी आणि मळणी : धानाच्या शेतीने इथल्या माणसांच्या अंगाला पिढ्यान्‌पिढ्या काम दिले. मग अशा गावाला व्यायामाची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे.

त्याची दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. रोवणीच्या दिवसांत तासन्‌तास वाकून, उपाशीतापाशी केलेल्या कामात ताण भरपूर असतो आणि दुरुस्तीला उसंत मिळत नाही. विशेषतः बायांच्या वाट्याला हे जास्त येते, कारण शेतावरून आल्यावर चूल त्यांचीच वाट पाहत असते. त्यांच्यासाठी पोटभर जेवण, डाळ-अंड्यासारखी प्रथिने आणि झोप हाच पेशींच्या राखणीचा पहिला उपाय. दुसरे उत्तर साठीच्या पुढच्यांसाठी. ट्रॅक्टर आणि कापणी यंत्र आले, शेत मुलांकडे गेले, बाजाराला मोटारसायकलने जाणे सुरू झाले. चाळीस वर्षे राबलेले शरीर एकाएकी खाटेवर येते आणि डॅलसच्या तरुणांसारखी गत होते.

अशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे माप सोपे आहे : आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, म्हणजे रोज साधारण अर्धा तास अशा वेगाने चालणे की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. शिवाय पायांचे बळ आणि तोल राखणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. त्यासाठी जिम लागत नाही. तलावाच्या पाळीवरून चालावे. सवय झाल्यावर किल्ल्याच्या टेकडीचा थोडा चढ घ्यावा. खुर्चीवरून हात न टेकता उठावे-बसावे, दहा वेळा. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल धरावा. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत, पुढे दर आठवड्याला थोडी वाढवावीत. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे आणि पाणी पिऊन निघावे.

पूर्व विदर्भात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, म्हणून एक सूचना महत्त्वाची. या आजारात शरीरावर ऑक्सिडेटिव्ह ताण मुळातच जास्त असतो, आणि दमछाक, ऊन किंवा पाणी कमी पडणे यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारून, हलकी हालचाल करावी, मधे मधे थांबावे आणि पाणी पीत राहावे. छातीत दुखणे, चालताना धाप लागणे, चक्कर येणे असा त्रास असलेल्यांनी आधी तपासणी करावी, मगच वेग वाढवावा.

अण्णांनी १९४४ मध्ये, ८६व्या वर्षी, समता संघ स्थापन केला. १९५५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ते सातारला पायी निघाले तेव्हा पेशीतले रॅडिकल्स कोणाला ठाऊक नव्हते. हारमनचा सिद्धांत आला तेव्हा अण्णा ९८ वर्षांचे होते. त्यांना फक्त हिंगण्याला वेळेवर पोहोचायचे असे, कारण तिथे मुली धड्याची वाट पाहत असत.